अंधार राखा, मग निळा उजेड द्या: वनस्पतींच्या प्रकाशग्राही प्रथिनांनी जिवंत पेशीतली प्रथिनं जोडण्याची कृती

नवरात्रात घटाभोवती पेरलेलं धान देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पिवळं, लांबट, लवलवतं येतं. तेच गहू-ज्वारीचे दाणे अंगणात पडले तर रोप आखूड, जाड आणि हिरवं होतं. बी तेच, पाणी तेच, उजेड वेगळा. रोपाच्या पेशीतली काही प्रथिनं उजेड टिपतात, आकार बदलतात आणि शेजारच्या ठरावीक प्रथिनाला जाऊन धरतात. पुढचं सगळं या धरण्या-सोडण्यावर चालतं. उसाला तुरा कधी येणार किंवा पॉलिहाऊसमधल्या शेवंतीची फुलं रात्री दिवे लावून कशी लांबवायची, याच्या मुळाशीही अशीच प्रकाशग्राही प्रथिनं आहेत.

ही जोडी रोपातून काढून माणसाच्या किंवा यीस्टच्या पेशीत घालायची आणि तिच्या दोन टोकांना आपल्याला हवी ती दोन प्रथिनं बांधायची. मग उजेड दाखवला की ती दोन प्रथिनं एकत्र येतात, उजेड काढला की काही मिनिटांत सुटतात. औषध घालायला नको, धुवून काढायला नको. सातारा, कराड, सांगली, मिरज अशा ठिकाणच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत, बेताच्या सामानात हे कसं करायचं ते पुढे दिलं आहे. एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच.डी.ची सुरुवात डोळ्यांसमोर ठेवली आहे. पेशी वाढवणं आणि प्लाझ्मिड काढणं येत असेल, असं धरलं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. दिवा बनवणं हे यातलं सोपं काम आहे. प्रयोग फसतो तो चोरट्या उजेडाने: दाराच्या फटीतून आलेल्या, मायक्रोस्कोपच्या वरच्या बल्बमधून आलेल्या, संगणकाच्या पडद्यातून आलेल्या. म्हणून दिव्याच्या आधी अंधाराची व्यवस्था करा.

जोडी कोणती घ्यायची

पहिल्यांदा करताना क्राय-२ आणि सीआयबीएन हीच जोडी घ्या. दोन्ही प्रथिनं ॲराबिडॉप्सिस थॅलियाना या मोहरीच्या कुळातल्या छोट्या झाडातली आहेत. क्राय-२ म्हणजे क्रिप्टोक्रोम-२. त्याचा पहिला ४९८ अमिनो आम्लांचा तुकडा प्रकाश टिपायला पुरतो. सीआयबी-१ हे मूळचं डीएनएला चिकटणारं प्रथिन. त्याचे पहिले १७० अमिनो आम्ल ठेवले की डीएनएला चिकटणारा भाग गळतो आणि क्राय-२ ला धरणारा भाग उरतो. या तुकड्यालाच सीआयबीएन म्हणतात. ही जोडी सस्तन प्राण्यांच्या पेशीत चालते हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याच कामातली प्लाझ्मिडं आजही ॲडजीन या प्लाझ्मिड-भांडाराकडून मागवता येतात. २६८६६ क्रमांकात क्राय-२ ला लाल चमकणारं एमचेरी जोडलं आहे. २६८६७ क्रमांकात सीआयबीएनला हिरवं जीएफपी आणि पेशीच्या पडद्याला बांधणारी शेपटी आहे. पहिला प्रयोग या दोघांवरच करा: निळा उजेड पडला की पेशीभर पसरलेलं लाल क्राय-२ पडद्याकडे जातं, ते बघायचं. त्यात तुमचं स्वतःचं प्रथिन नको.

ही जोडी सोयीची आहे ती तिच्या सहघटकामुळे. क्राय-२ ला उजेड टिपायला एफएडी हा छोटा रेणू लागतो आणि तो प्रत्येक पेशीत असतोच, बाहेरून काही घालावं लागत नाही. ४५० ते ४९० नॅनोमीटरचा निळा उजेड पडला की काही सेकंदांत जोडी जुळते. अंधार केला की साधारण साडेपाच मिनिटांत निम्म्या जोड्या सुटतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे दिव्याचं वेळापत्रक त्यावरूनच ठरतं. क्राय-२ ची लवकर सुटणारी किंवा जास्त वेळ धरून ठेवणारी रूपंही आहेत: ३४९ व्या जागी ट्रिप्टोफॅनऐवजी आर्जिनिन घातलं तर जोडी लवकर सुटते, ३४८ व्या जागी ल्युसिनऐवजी फिनाइलॲलानिन घातलं तर उशिरा.

बाकीच्या जोड्या थोडक्यात. ओटच्या एलओव्ही-२ वर बेतलेली आयलिड ही जोडी निळ्याच उजेडावर चालते, पण मिनिटभराच्या आत सुटते; पेशीच्या एकाच कोपऱ्यात काही घडवायचं असेल तर ती बरी. एफकेएफ-१ आणि जीआय ही जोडी जुळल्यावर तासन्‌तास सुटत नाही. यूव्हीआर-८ ला अतिनील-बी किरण लागतात आणि ते पेशीला मानवत नाहीत. फायटोक्रोम-बी आणि पीआयएफ यांची जोडी दिसायला सगळ्यांत सुंदर: ६५० नॅनोमीटरच्या लाल उजेडाने जुळते आणि ७५० नॅनोमीटरच्या दूर-लाल उजेडाने लगेच सुटते, म्हणजे चालू-बंद दोन्ही आपल्या हातात. पण तिला लागणारं फायकोसायनोबिलिन हे रंगद्रव्य माणसाच्या पेशीत तयार होत नाही. ते स्पिरुलिनापासून काढून, शुद्ध करून पेशींना द्यावं लागतं आणि ते उजेडाने खराब होतं. पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नका.

अंधाराची खोली

क्राय-२ ला लाल उजेड दिसत नाही. त्यामुळे काम लाल दिव्यात करता येतं, पण तो दिवा खरोखर लाल हवा. बाजारातला लाल रंग फासलेला झिरोचा बल्ब किंवा ट्यूबलाइटवर गुंडाळलेला लाल जिलेटीन कागद यांतून थोडा निळा उजेड निसटू शकतो आणि डोळ्यांना तो कळत नाही. ६२० ते ६३० नॅनोमीटरचा लाल एलईडी घ्या. तो मुळातच एका रंगाचा असतो.

तपासणीसाठी जुनी सीडी पुरते. खोलीत फक्त तो दिवा लावा, सीडीची चकचकीत बाजू तिरकी धरा आणि दिव्याचं प्रतिबिंब फाकलेलं पाहा. फक्त लाल पट्टा दिसला तर दिवा चालेल. पट्ट्याच्या टोकाला हिरवी-निळी झाक दिसली तर तो दिवा बदला.

मग खोलीत उभं राहून लाल दिवाही बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. डोळे सरावले की फटी दिसायला लागतात: दाराखाली, खिडकीच्या चौकटीत, एसीच्या पाइपभोवती. काळं जाड कापड आणि काळी चिकटपट्टी लावून त्या बुजवा. इन्क्युबेटरचा आकडे दाखवणारा पडदा, स्टॅबिलायझरचे दिवे, यूपीएसचा निळा टिमटिमता ठिपका हे सगळं झाका. लॅमिनार फ्लोची पांढरी ट्यूब बंद करून आत लाल एलईडीची पट्टी चिकटवा. मोबाईल खिशातच राहू द्या. त्याच्या पडद्यात भरपूर निळा उजेड असतो.

मायक्रोस्कोपच्या संगणकाचा पडदा हा सगळ्यांत दुर्लक्षित शत्रू. त्याची चमक अगदी कमी करा आणि त्यावर लाल पारदर्शक ॲक्रिलिकचा पत्रा लावा. पत्राही सीडीने तपासून घ्या.

पेशींच्या डिशवर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळायची ती सैल. घट्ट गुंडाळली तर कार्बन डायऑक्साइड आत जात नाही, माध्यम जांभळट होतं आणि दुसऱ्या दिवशी पेशी सुकल्यासारख्या दिसतात. फॉइलपेक्षा काळ्या रंगाचा, झाकणाला वळणदार हवाछिद्रं असलेला डबा चांगला, कारण फॉइल प्रत्येक वेळी उघडताना फाटते.

निळ्या उजेडाची पेटी

सामान इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं:

- १२ व्होल्टची निळी एलईडी पट्टी, १ मीटर, मीटरला ६० एलईडींची, सिलिकॉनचं आवरण असलेली
- १२ व्होल्ट, २ ॲम्पिअरचा ॲडॅप्टर
- आर्डुइनो उनो, म्हणजे प्रोग्रॅम घालता येणारं छोटं नियंत्रक बोर्ड
- आयआरएलझेड४४एन हा मॉसफेट, म्हणजे पट्टी चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच; त्याची तीन टोकं गेट, ड्रेन आणि सोर्स
- २२० ओहम आणि १० किलोओहमचा एकेक रोधक
- २० सेंमी बाय २० सेंमी ॲल्युमिनियमचा पत्रा, दुधी ॲक्रिलिक, आतून काळा मॅट रंग दिलेला डबा

पट्टीचे तीन-तीन एलईडींचे तुकडे कात्रीच्या खुणेवरच कापा आणि पत्र्यावर समांतर रांगांत चिकटवा. अशी पट्टी मीटरला साधारण ४.८ वॅट खाते, म्हणजे १२ व्होल्टवर ४०० मिलिॲम्पिअर. ॲडॅप्टरवर ताण येत नाही. पत्रा उष्णता पसरवतो. प्लॅस्टिकवर पट्टी चिकटवली तर डिशचं तापमान चढतं आणि मग परिणाम उजेडाचा की उष्णतेचा, हे सांगता येत नाही. पत्रा डिशपासून १० सेंमी वर ठेवा आणि मधे दुधी ॲक्रिलिक घाला, म्हणजे डिशभर उजेड सारखा पडतो. ॲक्रिलिक नसेल तर ट्रेसिंग पेपरचे दोन थर.

जोडणी अशी: पट्टीचं धन टोक ॲडॅप्टरच्या धन टोकाला. पट्टीचं ऋण टोक मॉसफेटच्या ड्रेनला. सोर्स ऋण टोकाला, आणि तिथेच आर्डुइनोचं ग्राउंड. आर्डुइनोच्या ९ क्रमांकाच्या पिनमधून २२० ओहमच्या रोधकातून गेट. गेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहम.

हा शेवटचा रोधक स्वस्त आहे म्हणून गाळू नका. आर्डुइनो चालू होताना त्याची पिन क्षणभर अधांतरी असते आणि गेटवर थोडा जरी भार साचला तरी पट्टी उजळते. आपल्याकडे लाईट जाते-येते. रात्री दोनदा लाईट गेली तर ‘अंधारातल्या’ डिशने दोनदा निळा झोत पाहिलेला असतो आणि सकाळी आकडे जुळत नाहीत. १० किलोओहम असेल तर गेट शून्यावर धरून राहतं. शिवाय प्रोग्रॅममध्ये पहिली दहा मिनिटं पट्टी बंदच राहील असं लिहा आणि आर्डुइनो छोट्या यूपीएसवर ठेवा. यूपीएसही संपून आर्डुइनो बंद पडला तर प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होतो, हेही ध्यानात असू द्या. प्रत्येक झोताची नोंद संगणकात उतरली तर नंतर ताडता येतं.

आर्डुइनो आणि मॉसफेट इन्क्युबेटरच्या बाहेर ठेवा. आत ओलावा इतका असतो की उघडी जोडणी थोड्याच दिवसांत हिरवी पडते. आत फक्त पट्टी आणि चपटी वायर जाऊ द्या. मागच्या छिद्रातून वायर नेली तर छिद्र काळ्या बुचाने बंद करा, नाहीतर तिथून उजेड येतो.

उजेड किती? डिशच्या जागी चौरस सेंमीला १ मिलिवॅट पुरे. ऑप्टिकल पॉवरमीटर उसना मिळाला तर उत्तम. नसेल तर लक्समीटरवरून अंदाज बांधता येतो: ४७० नॅनोमीटरच्या उजेडासाठी चौरस सेंमीला १ मिलिवॅट म्हणजे सुमारे ६०० लक्स. पांढऱ्या उजेडाच्या सवयीने ६०० लक्स कमी वाटतं आणि लोक पट्टी पूर्ण जोरात चालवतात. माणसाचा डोळा निळ्याला मंद असतो, क्राय-२ नसतं. मोबाईलमधल्या लक्स ॲपवर भरवसा ठेवू नका.

आणि सतत उजेड देऊ नका. जोडी निम्मी सुटायला साडेपाच मिनिटं लागतात, म्हणजे दोन मिनिटांत सुमारे २२ टक्केच सुटते. दर दोन मिनिटांनी २ सेकंदांचा झोत दिला तर तीन-चतुर्थांशाहून जास्त जोड्या जुळलेल्या राहतात आणि पेशीला मिळणारा उजेड सततच्या मानाने साठावा हिस्सा होतो. झोतांत दहा मिनिटांचं अंतर ठेवलं तर मधल्या वेळात सत्तर टक्क्यांहून जास्त सुटून जाईल.

पेशी आणि डीएनए

हीला किंवा एचईके-२९३ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या पेशी घ्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशी-भांडारातून मागवता येतात. पडद्यावर गोळा होणारं प्रथिन बघायला हीला बऱ्या, त्या पसरट असतात. एचईके घेतल्या तर काचेच्या तळाच्या डिशवर आधी पॉलिलायसिन लावा, नाहीतर माध्यम बदलताना पेशी पापुद्र्यासारख्या सुटून येतात.

पुण्याहून साताऱ्याला आणायला तीन तास, सांगलीला पाच तास धरा. टी-२५ फ्लास्क माध्यमाने गळ्यापर्यंत भरा, झाकण घट्ट लावून पॅराफिल्म गुंडाळा आणि बर्फ न घालता थर्माकोलच्या डब्यात ठेवा. गाडीत काचेजवळ ठेवू नका. माध्यमातल्या रायबोफ्लेविनवर ऊन पडलं की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि पेशी खोलीत पोहोचायच्या आधीच दुखावतात.

प्रयोगाला सुरुवात करण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी घ्या. पुनर्संयोजित डीएनएचं काम १९८९ च्या नियमांखाली येतं, प्रकल्प विद्यार्थ्याचा असला तरी.

१. आदल्या दिवशी ३५ मिमीच्या काचतळ डिशमध्ये ३ लाख पेशी, २ मिली माध्यमात.

२. दुसऱ्या दिवशी १०० मायक्रोलिटर सीरमविरहित माध्यमात ६०० नॅनोग्रॅम सीआयबीएनचं आणि ४०० नॅनोग्रॅम क्राय-२ चं प्लाझ्मिड. सीआयबीएन मुद्दाम जास्त आहे: पडद्यावर धरणारे हात कमी पडले तर पेशीभर फिरणारं क्राय-२ तसंच राहतं आणि काही घडलंच नाही असं वाटतं.

३. त्यात पीईआयचं (डीएनए पेशीत नेणाऱ्या पॉलिइथिलीनइमीनचं) मिलीला १ मिलिग्रॅमचं द्रावण ३ मायक्रोलिटर. ढवळा, १५ मिनिटं थांबा. हे थांबणं २२ ते २५ अंशांना हवं. एप्रिलमधलं सांगलीतलं ‘खोलीचं तापमान’ इथे चालत नाही.

४. थेंबाथेंबाने डिशवर टाका. चार ते सहा तासांनी माध्यम बदला. इथून पुढे सगळं लाल दिव्यात.

५. काळ्या डब्यात २४ तास. ४८ तासांपर्यंत थांबलात तर प्रथिनं इतकी वाढतात की अंधारातही गुठळ्या दिसू लागतात.

सोबत चार डिश आणखी लावा, त्यांच्याशिवाय निकालाला किंमत नाही. एकीत फक्त क्राय-२, सीआयबीएन नाही. एकीत ३८७ व्या जागी ॲस्पार्टेटऐवजी ॲलानिन असलेलं क्राय-२. ते एफएडी धरू शकत नाही म्हणून उजेडाला आंधळं असतं. एकीत दोन्ही प्लाझ्मिडं, पण उजेड अजिबात नाही. एकीत साध्या पेशी आणि पूर्ण उजेड, म्हणजे निळ्या उजेडाचा स्वतःचा त्रास किती ते कळेल.

मायक्रोस्कोपवर

कॉन्फोकल असेल तर चांगलं, पण साध्या एपिफ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपवरही जमतं. लाल रंग बघायचा क्यूब (मायक्रोस्कोपमधला फिल्टरचा ठोकळा) ५४० ते ५६० नॅनोमीटरने उत्तेजित करतो, त्याने क्राय-२ जागं होत नाही. हिरव्या रंगाचा क्यूब ४७० च्या आसपास उत्तेजित करतो, म्हणजे तोच तुमचा झोत. हिरवं बघणं आणि जोडी जुळवणं ही इथे एकच क्रिया आहे. म्हणून पेशी शोधताना हिरव्याकडे जायचंच नाही. सवयीने ‘जीएफपी आलंय का बघू’ म्हणून क्यूब फिरवला की ती डिश निदान अर्धा तास बाद.

फोकस करायला वरचा पांढरा दिवा लावाल तर त्यातही निळं असतं. त्या दिव्यासमोर ६०० नॅनोमीटरच्या वरचंच सोडणारा लाल फिल्टर ठेवा. नसेल तर फोकससुद्धा एमचेरीवरच करा.

डिश ३७ अंशांना, माध्यम बदलून एचबीएसएस या क्षारांच्या द्रावणात २० मिलिमोलर हेपीस (आम्लता स्थिर ठेवणारा बफर) घालून द्या. हेपीस आणि रायबोफ्लेविन एकत्र असताना उजेड पडला तर पेरॉक्साइड बनतं. एचबीएसएसमध्ये रायबोफ्लेविन नसतं, म्हणून ते चालतं. पेशी बसवल्यावर १५ मिनिटं पूर्ण अंधार.

मग ६० पट मोठं दाखवणाऱ्या तेलाच्या भिंगाखाली मध्यम लाल दिसणारी पेशी निवडा. सगळ्यांत चमकदार पेशीकडे हात जातो, पण तिच्यात क्राय-२ इतकं असतं की पडदा भरून गेला तरी बाकीचं तसंच राहतं. पेशीच्या मधल्या उंचीवर फोकस ठेवा. लाल चित्र दर ५ सेकंदांनी, आधी १० चित्रं. नंतर कॉन्फोकलवर ४८८ लेसरचा एकच फेरा किंवा एपिवर हिरवा क्यूब १ सेकंद. त्याच वेळी जीएफपीचं चित्रही मिळतं. पुढे पाच मिनिटं दर ५ सेकंदांनी लाल चित्र, मग वीस मिनिटं दर मिनिटाला एक.

सगळं नीट असेल तर झोतानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या चित्रातच पेशीच्या पोटातला, म्हणजे पेशीद्रवातला लाल रंग उतरतो आणि कडेची रेघ उजळते. वीस मिनिटांत रंग परत पोटात येतो. दुसरा झोत द्या, पुन्हा तेच व्हायला हवं. एकदाच झालं आणि परत झालं नाही तर शंका घ्या.

मोजणी फिजी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये. केंद्रक टाळून पोटात एक चौकोन, पेशीबाहेर रिकाम्या जागेत दुसरा. पहिल्यातून दुसरा वजा करा आणि पहिल्या दहा चित्रांच्या सरासरीने भागा. कडेची रेघ मोजण्यापेक्षा पोटातली घट मोजा. रेघ पातळ असते, फोकस जरा हलला की आकडा उड्या मारतो. किमान तीन वेगवेगळ्या दिवसांचे प्रयोग, प्रत्येकी दहा-पंधरा पेशी.

मायक्रोस्कोप दुसऱ्या गावी असेल आणि डिश सांगलीहून कोल्हापूरला किंवा साताऱ्याहून पुण्याला न्यायची असेल तर हेपीस घातलेलं माध्यम काठोकाठ भरा, पॅराफिल्म लावा, दुहेरी काळ्या डब्यात ठेवा आणि सोबत ३७ अंशांच्या पाण्याची बाटली द्या. पोहोचल्यावर तासभर अंधारात विसावू द्या. तिथल्या तंत्रज्ञांना आधीच सांगून ठेवा की डबा उघडून बघायचा नाही.

काय बिघडतं आणि का

पहिल्या चित्रातच रंग कडेला गेलेला आहे. पेशींनी आधीच उजेड पाहिला. त्याच मायक्रोस्कोपवर अर्धा तास अंधारात ठेवून पुन्हा बघा. रंग पोटात परतला तर चोरटा उजेड होता, मागे जाऊन शोधा. परतला नाही तर प्रथिनं गरजेपेक्षा जास्त झाली आहेत. डीएनए निम्मा करा.

झोतानंतर काहीच हलत नाही. झोताच्या वेळचं जीएफपीचं चित्र उघडा. हिरवं नसेल तर त्या पेशीत सीआयबीएन नाही, पेशी बाद. हिरवं आहे, पण कडेऐवजी आत साचलंय, तर शेपटी नीट बसलेली नाही किंवा पेशी मरायला टेकली आहे. दोन्ही ठीक असतील तर क्राय-२ चा क्रम वाचून घ्या.

कडेला जाण्याऐवजी पोटात ठिपके उमटतात. हा क्राय-२ चा स्वभाव आहे: निळ्या उजेडात ते सीआयबीएनला धरतं तसं एकमेकांनाही धरतं. सीआयबीएन नसलेल्या डिशमध्येही ठिपके येतात का ते बघा. तुमचं प्रथिन जवळ-जवळ आल्यानेच जागं होणारं असेल, उदाहरणार्थ पेशीपृष्ठावरचा ग्राही, तर हा ठिपक्यांचा परिणाम जोडीच्या परिणामात मिसळतो आणि निष्कर्ष चुकतो. अशा कामाला आयलिड घ्या. उलट गुठळ्याच हव्या असतील तर ४९० व्या जागी ग्लुटामेटऐवजी ग्लायसिन असलेलं रूप आहे, ते जोरात गोळा होतं. उजेडापूर्वीच, अंधारात गोल चमकदार ठिपके असतील तर ते बहुधा लायसोसोममध्ये साचलेलं एमचेरी आहे.

रंग कडेला जातो, पण परत येत नाही. लाल चित्रं घेताना मधे कुठे निळं निसटतंय. मायक्रोस्कोपचं सॉफ्टवेअर आपोआप फोकस करताना कोणता दिवा लावतं ते तपासा.

दीर्घ प्रयोगात पेशी गोल होऊन सुटतात. साध्या पेशींच्या डिशमध्येही तसंच दिसलं तर उजेड जास्त झाला. आधी झोत विरळ करा, तीव्रता नंतर. माध्यम फिनॉल रेड आणि रायबोफ्लेविन नसलेलं घ्या.

स्वतःचं प्रथिन जोडताना

क्राय-२ च्या तुकड्यामागे, म्हणजे त्याच्या सी-टोकाला तुमचं प्रथिन बांधा. मधे ग्लायसिन-सेरिनची १० ते १५ अमिनो आम्लांची लवचीक दोरी ठेवा. त्याआधी एक साधी परीक्षा करा: ते प्रथिन उजेडाशिवाय, पडद्याच्या शेपटीला कायमचं बांधून पेशीत घाला. कायमचं पडद्यावर बसवूनही हवा तो परिणाम दिसत नसेल तर उजेडाने पाच मिनिटं नेऊनही दिसणार नाही. ही परीक्षा गाळल्यामुळे महिने वाया जातात.

सीओटू इन्क्युबेटर नसेल तर यीस्ट

हीच जोडी यीस्टमध्ये फार थोड्या खर्चात पाहता येते आणि पदवीच्या वर्गाला ती जास्त योग्य आहे. गॅल-४ या जनुक चालू करणाऱ्या यीस्टच्या प्रथिनाचा डीएनए धरणारा भाग क्राय-२ ला आणि सक्रिय करणारा भाग सीआयबी-१ ला जोडलेली प्लाझ्मिडं टू-हायब्रिडच्या (दोन प्रथिनं जुळतात का हे तपासण्याच्या पद्धतीच्या) यीस्टमध्ये घाला. उजेडात दोन भाग एकत्र येतात आणि बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर तयार होतं. ते ओएनपीजी या रंगहीन पदार्थापासून पिवळा रंग करतं आणि तोच मोजायचा.

ट्रिप्टोफॅन आणि ल्युसिन नसलेल्या माध्यमात रात्रभर ३० अंशांना, फॉइलमध्ये वाढवा. सकाळी ६०० नॅनोमीटरवरची घनता ०.२ करून दोन नळ्यांत वाटा. एक फॉइलमध्ये, दुसरी निळ्या पट्टीखाली, दोन्ही एकाच शेकरवर चार तास. उजेड इथेही झोतांचाच, कारण तीव्र निळा उजेड यीस्टची वाढच रोखतो.

मग १.५ मिली पेशी खाली बसवा, ३०० मायक्रोलिटर झेड बफरमध्ये मिसळा आणि त्यातले १०० मायक्रोलिटर घेऊन द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ३७ अंशांना वितळवा, असं तीनदा. द्रव नायट्रोजनसाठी पुण्याला जावं लागत नाही. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो जिल्ह्यात नियमित येतो, पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा दूध संघात चौकशी करा. बर्फासारखा बंद डब्यात मात्र आणू नका, त्यासाठीच्या सैल झाकणाच्या कॅनमध्येच आणा. नंतर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घातलेला झेड बफर ७०० मायक्रोलिटर, मिलीला ४ मिलिग्रॅमचं ओएनपीजी १६० मायक्रोलिटर, ३० अंशांना ठेवा. पिवळा रंग आला की १ मोलर सोडियम कार्बोनेट ४०० मायक्रोलिटर घालून थांबवा आणि लागलेली मिनिटं लिहा. पेशींचा गाळ खाली बसवून वरचं द्रावण ४२० नॅनोमीटरवर वाचा. त्या आकड्याला १००० ने गुणा आणि मिनिटं, ०.५ आणि सुरुवातीच्या पेशींची ६०० वरची घनता यांच्या गुणाकाराने भागा. ०.५ हा आकडा १०० मायक्रोलिटर आणि पाचपट दाट केलेल्या पेशी यांतून येतो.

ओएनपीजीचं द्रावण त्याच दिवशी करा. शिळं झालं की आपोआप पिवळं पडतं आणि अंधारातली नळीही उजेडातल्यासारखी वाचन देते. दोन्ही नळ्यांत थर्मामीटर बुडवून ठेवा. एका अंशापेक्षा जास्त फरक आला तर पट्टी वर उचला आणि तो दिवस पुन्हा करा.